झाडापासून आलेले रंग, स्वाद आणि अर्क खाण्यात घालण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, पलूस, शिराळा या पट्ट्यात मसाले, सरबतं, काढ्याची पावडर, गूळ आणि हळदीचे पदार्थ करणारे बचत गट आणि छोटे उद्योग भरपूर आहेत. मी अन्न तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे नमुना घेऊन येणारा माणूस रिपोर्टाबरोबर दहा प्रश्नही घेऊन येतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं लांबली आहेत, पण ज्याला दुसऱ्याच्या ताटात काही वाढायचं आहे त्याने ती पूर्ण वाचावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

ताई, झाडापासूनच काढलंय, केमिकल नाही. मग तपासायचं कशाला?

पिवळा धोत्रा आपल्या रानात, बांधावर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतो. त्याचं बी दिसायला मोहरीसारखं असतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि साठावर माणसं दगावली. पाय सुजणं, धाप लागणं, हृदय निकामी होणं, काहींच्या डोळ्यांत काचबिंदू, असा तो आजार होता. हे करणारं सँग्विनारीन पूर्णपणे झाडाचं आहे, कुठल्या कारखान्यात बनलेलं नाही.

झाडाला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं यांच्यापासून बचाव करायला ते निरनिराळे पदार्थ तयार करतं. मिरचीचा तिखटपणा, चहा-कॉफीतलं कॅफिन, कडुलिंबाचा कडूपणा हे सगळं त्यातलंच. त्यातलं काही आपल्याला मानवतं, काही थोडं असेल तरच मानवतं आणि काही अजिबात मानवत नाही. कुठलं कशात बसतं हे झाडाकडे बघून कळत नाही, म्हणून तपासायचं.

आमच्या घरात चार पिढ्या हळद खातायत. हा पुरावा नाही का?

आहे, आणि चांगला पुरावा आहे. जगभरातल्या तपासणी यंत्रणा परंपरेने खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांचा इतिहास विचारात घेतात. फक्त तो पुरावा नेमका कशाचा, हे बघावं लागतं. आजीने फोडणीत टाकली ती चिमूटभर हळद. हळकुंड शिजवून, वाळवून, दळून केलेली, भाजी-आमटीत तेलाबरोबर शिजलेली, थोडी थोडी पण रोज. तेवढ्याबद्दल चार पिढ्यांची साक्ष खरी. त्याच हळदीतून सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) ओढून काढलेलं ९५ टक्के कर्क्युमिन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, आजीने कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल तिची साक्ष काढता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, जे खाल्ल्यावर तासाभरात उलटी होते किंवा चक्कर येते ते माणसांनी केव्हाच सोडून दिलं. वीस वर्षांनी यकृतात गाठ करणारी गोष्ट मात्र कुठल्याही आजीला ओळखता आली नसती. अमेरिकेत सॅसफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाचा स्वाद लोक पिढ्यान्पिढ्या रूट बिअर या पेयातून घेत होते. त्यातल्या सॅफ्रोलमुळे उंदरांच्या यकृतात गाठी होतात असं दिसलं आणि १९६० साली तो स्वाद म्हणून घालायला तिथे बंदी आली. आपल्या जायफळातही सॅफ्रोल थोडं असतं. बासुंदीत किसून टाकलेल्या जायफळाने घाबरायचं कारण नाही. जायफळाचं तेल काढून ते थेंबाथेंबाने बाटलीत भरायचं असेल, तर मात्र हिशोब वेगळा.

मसाल्यातली हळद आणि ॲडिटिव्ह म्हणून घातलेली हळद यांत फरक काय?

तुम्ही हळद हळद म्हणूनच विकली तर तो मसाला. तिच्यातलं कर्क्युमिन काढून आइस्क्रीमला किंवा सरबताला रंग यावा म्हणून घातलं, तर ते ॲडिटिव्ह, आणि लेबलवर त्याचा क्रमांक १०० येतो. शेंद्रीच्या बियांचा रंग १६० बी, बीटचा लाल १६२, जांभूळ-द्राक्षाच्या सालीतला जांभळट रंग १६३, स्टीव्हियाचा गोडवा ९६०, गवार गम ४१२, पेक्टिन ४४०. आकडा दिसला की ते कृत्रिमच, अशी समजूत आहे ती चुकीची.

तपासणीत नेमकं करतात काय?

सगळ्यात आधी हा पदार्थ नक्की काय आहे ते ठरवतात, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच असतं. झाडाची जात कोणती, मूळ, पान, साल की बी, कुठल्या भागात पिकलं, पाण्यात काढलं की इथेनॉल, ॲसिटोन, हेक्झेनमध्ये, सॉल्व्हंट किती उरलं, एका लॉटमध्ये जे आहे तेच दुसऱ्यात आहे का. कर्क्युमिनचंच बघा. अन्न आणि शेती संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांची ॲडिटिव्हवरची संयुक्त तज्ज्ञ समिती आहे. तिला जेक्फा म्हणतात आणि ती १९५६ पासून काम करते. तिच्या निकषाप्रमाणे कर्क्युमिनमध्ये रंगद्रव्य किमान ९० टक्के हवं, ॲसिटोन किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आणि हेक्झेन २५ च्या आत हवं. ज्या पदार्थाची ओळखच पक्की नाही त्यावर पुढे केलेल्या चाचण्या कशाच्या होत्या, हे कुणीच सांगू शकत नाही.

त्यानंतर येतो डीएनए बिघडतो का हा प्रश्न. त्यासाठी जिवाणूंवरची एम्स चाचणी आणि पेशींवरची मायक्रोन्यूक्लियस चाचणी करतात. मग उंदरांना ९० दिवस रोज वेगवेगळ्या मात्रांमध्ये पदार्थ देतात. वजन, खाणं, रक्त, लघवी तपासतात आणि शेवटी यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, मेंदू असे अवयव तोलून त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. गरज पडली तर गाभण माद्यांवर, पुढच्या पिढीवर आणि दोन वर्षांची कर्करोगाची चाचणीही होते. पदार्थ शरीरात शोषला जातो का, यकृत त्याचं काय करतं, तो किती वेळात बाहेर पडतो, हे वेगळं तपासतात. सगळ्याच पदार्थांना सगळ्या चाचण्या लागतात असं नाही. आधीच्या पायरीवर काय दिसलं त्यावर पुढची ठरते.

एम्स चाचणी म्हणजे काय? तिच्यात नापास झालं तर कॅन्सर होणारच का?

अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. साल्मोनेला जिवाणूची एक मुद्दाम बिघडवलेली जात घ्यायची, जिला स्वतःचं हिस्टिडीन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) बनवता येत नाही. हिस्टिडीन नसलेल्या जेलीवर ती वाढू शकत नाही. तपासायचा पदार्थ तिच्यासोबत मिसळून बशी ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायची. पदार्थाने डीएनएत बदल घडवला, तर काही जिवाणूंचा बिघाड उलटा फिरतो आणि ते वाढायला लागतात. बशी उजेडासमोर धरली की पारदर्शक जेलीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. काहीही न घातलेल्या बशीतही थोडे ठिपके असतातच, कारण काही जिवाणू आपोआप सुधारतात. पदार्थ घातलेल्या बशीत ठिपके त्याहून स्पष्टपणे जास्त आहेत का आणि मात्रा वाढवली तसे वाढत जातात का, हे बघायचं.

यात एक बारकावा फार महत्त्वाचा. बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण काही पदार्थ स्वतः निरुपद्रवी असतात आणि यकृतातून गेल्यावरच घातक होतात. सॅफ्रोल त्यातलंच.

नापास म्हणजे कॅन्सर नक्की, असं मात्र नाही. कांद्यात क्वेर्सेटिन असतं. ते या चाचणीत दोषी ठरतं, तरीही कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये ते माणसात कर्करोग करतं की नाही हे सांगता येत नाही, अशाच गटात ठेवलं. बशीतल्या जिवाणूला आतडं नसतं, मूत्रपिंड नसतं. ही चाचणी धोक्याची घंटा वाजवते, आणि घंटा वाजली की पुढची तपासणी टाळता येत नाही.

रोज किती चालेल, हा आकडा येतो कुठून?

कर्क्युमिनवरच करून दाखवते. उंदरांच्या अनेक पिढ्यांवर केलेल्या अभ्यासात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २५० ते ३२० मिलिग्रॅमपर्यंत काहीही वाईट दिसलं नाही. ही झाली निरुपद्रवी मात्रा. तिला १०० ने भागतात. उंदरापेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो म्हणून एक दहा, आणि माणसामाणसांत फरक असतो, लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी, गरोदर, म्हणून दुसरा दहा. उत्तर येतं साधारण ३. जेक्फाने २००३ मध्ये कर्क्युमिनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली ती अशी. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१० मध्ये पुन्हा तपासून तीच कायम ठेवली.

६० किलोच्या माणसाला म्हणजे रोज १८० मिलिग्रॅम. ही मर्यादा वरून घातलेल्या रंगासाठी आहे, पण अंदाज यावा म्हणून घरचा हिशोब करू. चहाचा चमचा भरून हळद साधारण ३ ग्रॅम. तिच्यात ३ टक्के कर्क्युमिन धरलं तर ९० मिलिग्रॅम. एकट्या माणसाच्या पोटात दिवसाला पूर्ण चमचाभर हळद क्वचितच जाते. १५ किलोच्या मुलाला मात्र मर्यादा येते ४५ मिलिग्रॅम. म्हणून मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं, सरबतं करणाऱ्यांनी हिशोब मुलाच्या वजनाने करावा, स्वतःच्या नव्हे.

ही मर्यादा आयुष्यभर रोज घेण्याची आहे. एखाद्या लग्नात जास्त खाल्लं म्हणून काही बिघडत नाही.

मग कर्क्युमिनच्या कॅप्सूल? आमचे एक पाहुणे दोन वर्षं घेतायत.

बाजारात ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सर्रास मिळतात. वरचा १८० चा आकडा शेजारी ठेवून बघा. त्यातून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरीन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपरीनसोबत घेतल्यावर माणसाच्या शरीरात कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. जाहिरातीत हे फायदा म्हणून येतं. पण सुरक्षिततेच्या जुन्या चाचण्या कमी शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनवर झाल्या होत्या. शोषण इतकं बदललं, तर जुना आकडा तसाच लावणं मला पटत नाही.

इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या सुजेचे रुग्ण आढळले आणि तिथल्या सरकारने इशारा दिला. सगळ्यांना होतं असं नाही. पाहुण्यांना पित्ताशयाचे खडे, यकृताचा त्रास किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तर त्यांनी कॅप्सूल डॉक्टरांना दाखवावी. आमटीतली हळद बंद करायची गरज नाही.

सांगलीच्या हळदीला मानांकन आहे. मग तिच्यात रंग निघेल का?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राजापुरी हळद, मार्केट यार्डातले सौदे आणि हरिपूरची हळद साठवायची पेवं यांनी हे नाव कमावलंय. पण मानांकन मालाच्या मुळाचं असतं. पुढे वाटेत कुणी काय मिसळलं, याची हमी ते देत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी लेड क्रोमेट या पिवळ्या रंगाची वाटते. हळकुंडं शिजवून वाळवल्यावर ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. साल निघते, हळकुंड गुळगुळीत होतं. फिकट किंवा किडका माल त्याच वेळी झळाळून काढायला पिवळा रंग टाकला की हळकुंड चकाकतं आणि सौद्यात उठून दिसतं. त्या रंगात शिसं असतं. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि ते नुकसान भरून येत नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडलं होतं. तिथल्या सरकारने आणि संशोधकांनी व्यापाऱ्यांना, गिरणीवाल्यांना समजावलं, बाजारात धाडी घातल्या, आणि २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आलं. दोन वर्षांत जमलं. ही बातमी मी प्रत्येक हळद व्यापाऱ्याला आवर्जून सांगते.

दुसरा रंग म्हणजे मेटॅनिल यलो. तो पकडायला आम्ही टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) करतो. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिकाचा पांढरा थर असतो. त्याच्या तळाशी हळदीच्या अर्काचा ठिपका ठेवून पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची. सॉल्व्हंट वर चढत जातं, तसा एकाच ठिपक्यातून तीन पिवळे ठिपके वेगळे होतात. सगळ्यात वरचा आणि गडद तो कर्क्युमिन, खालचे दोन त्याचे भाऊबंद. मेटॅनिल यलो असेल तर तो वर चढत नाही, तळाशीच बसून राहतो. हे इतकं स्पष्ट दिसतं की ज्याची हळद असते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

घरच्या घरी काही तपासता येतं का?

थोडंफार. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि हलवू नका. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. रंग घातलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. दुसरी चाचणी हायड्रोक्लोरिक आम्लाची. त्यात बरेच जण फसतात, कारण शुद्ध हळदही तीव्र आम्लात तांबूस होते. वरून पाणी घातल्यावर तो रंग गेला तर हळदीचा, गुलाबी रंग टिकून राहिला तर मेटॅनिल यलोचा संशय. आम्ल घरी हाताळू नका, मुलं आसपास असतील तर अजिबातच नको. शिशाचं प्रमाण घरी कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतलं यंत्रच लागतं.

गच्चीवर स्टीव्हिया लावलाय. पानं वाळवून शुगर-फ्री लाडूत घालू का?

घरात स्वतः चहात दोन पानं टाकणं वेगळं. विकायच्या लाडूत घालणं वेगळं. स्टीव्हियाची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण झाडाच्या पदार्थाला ॲडिटिव्ह म्हणून मान्यता मिळायला काय लागतं हे तिच्यातून छान कळतं.

पॅराग्वेतले ग्वारानी लोक शतकानुशतकं ही पानं वापरत आले आहेत. जपानने १९७० च्या दशकात वापर सुरू केला. मग १९८५ मध्ये एक अभ्यास आला. पानातला गोड भाग आतड्यातले जिवाणू तोडतात आणि त्यातून स्टीव्हिऑल नावाचा पदार्थ सुटतो. यकृताच्या अर्कासोबत तो जिवाणूंच्या चाचणीत डीएनए बदलताना दिसला. युरोपच्या समितीने १९९९ मध्ये परवानगी नाकारली. मग पुढची कामं झाली. जिवंत प्राण्यांवरच्या डीएनएच्या चाचण्यांत दोष दिसला नाही. दोन वर्षांच्या उंदरांच्या अभ्यासात निरुपद्रवी मात्रा स्टीव्हिऑलच्या हिशोबाने किलोमागे ३८३ मिलिग्रॅम निघाली. भागिले १००, म्हणजे साधारण ४. जेक्फाने २००४ मध्ये तात्पुरती मर्यादा २ ठेवली होती, ती २००८ मध्ये ४ केली. युरोपने २०११ मध्ये दार उघडलं. भारतातही परवानगी आहे.

पण ही परवानगी कशाला, तर किमान ९५ टक्के शुद्ध केलेल्या ग्लायकोसाइडला, म्हणजे पानातल्या गोड द्रव्याला. पानाच्या कच्च्या अर्काला अमेरिकेत अजूनही ॲडिटिव्ह म्हणून मान्यता नाही, कारण पानात आणखी जे काही असतं त्याचा अभ्यास तेवढा झालेला नाही. लाडूत घालायचं तर शुद्ध केलेलं, प्रमाणपत्र असलेलं ग्लायकोसाइड घ्या आणि त्या पदार्थासाठी किती चालतं ते नियमात बघून घाला.

कोरफडीचा रस विकतो. अख्खं पान मिक्सरला लावलं तर चालेल ना?

नाही. पान कापून उभं धरलं की सालीच्या आतून पिवळा, कडू चीक गळतो. त्यात ॲलोइन आणि त्याच्या जातीचे पदार्थ असतात, त्यानेच जुलाब होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने अख्ख्या पानाचा, शुद्ध न केलेला अर्क उंदरांना दोन वर्षं पाण्यातून दिला तेव्हा त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. तो अहवाल २०१३ चा. पुढे कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अख्ख्या पानाच्या अर्काला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता' या गटात टाकलं. पान सोलून, चीक पूर्ण निथळून, धुऊन घेतलेला आतला पारदर्शक गर ही निराळी चीज आहे. एकाच पानाचे दोन भाग आणि दोन निकाल.

वेखंड आणि दालचिनीचं काय?

वेखंडात बीटा-ॲसरोन असतं. जम्मूच्या वेखंडाच्या तेलाने उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेने वेखंड खाण्यात घालायला बंदी केली. भारतातही स्वाद म्हणून बीटा-ॲसरोन, सॅफ्रोल, कौमरिन, थुजोन, एस्ट्रागोल हे पदार्थ खाण्यात घालायला मनाई आहे. म्हणून वेखंडाचा अर्क घालून सरबत किंवा मुखवास काढायचा विचार असेल तर तो सोडून द्या. बाळाला गुटीत वेखंड उगाळून देऊ का, असं आयाबाया मला विचारतात. माझं मत द्यायचं झालं तर देऊ नये. निदान बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तरी नाही.

दालचिनी म्हणून आपल्या किराणा दुकानात मिळते ती बहुतेक वेळा जाड, कडक सालीची कॅसिया. त्यात कौमरिन बऱ्यापैकी असतं, आणि ते जास्त झालं तर काही लोकांच्या यकृताला झेपत नाही. युरोपची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला रोज ६ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण २ ग्रॅम कॅसिया. बिर्याणीतल्या तुकड्याने काही होत नाही. साखर उतरावी म्हणून रोज सकाळी चमचा-चमचा पावडर फाकणाऱ्यांनी विचार करावा. सिलोनच्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते, थरावर थर असतात आणि हाताने चुरते. तिच्यात कौमरिन नगण्य.

चहा मसाल्यात ज्येष्ठमध घातलं तर?

थोडं चालतं. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिनची वरची मर्यादा सुचवली. मसाल्याच्या पाकिटावर ज्येष्ठमध आहे हे ठळक लिहा, म्हणजे बीपीवाला माणूस स्वतः ठरवेल.

गुऱ्हाळात भेंडीचा चीक घालतो. त्याचीही तपासणी लागते का?

ही आपल्याकडची जुनी आणि मला अतिशय आवडणारी रीत आहे. रानभेंडीचं खोड ठेचून पाण्यात मळलं की बुळबुळीत चीक निघतो. काहिलीत रस तापायला लागला की तो घालतात. उष्णतेने चिकातली लांब साखळीची शर्करा रसातल्या गाळाला धरून वर येते आणि गुळव्या ती मळी झाऱ्याने काढून टाकतो. गुळात त्यातलं फारसं काही उरत नाही, भेंडी आपण भाजी म्हणून खातोच, आणि रसही उकळत असतो. सुरक्षिततेच्या अंगाने यात भीती वाटावी असं मला काही दिसत नाही. लक्ष द्यायचं ते चीक ज्या पाण्यात केला ते स्वच्छ आहे का, झाडावर फवारणी कधी झाली होती आणि काल उरलेला आंबलेला चीक आज वापरला नाही ना, इकडे.

गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट ही रंग उजळणारी पावडर) टाकतात त्याची बरोबरी भेंडीशी करू नका. त्याने गुळात गंधकाचा अंश राहतो आणि रंग टिकतही नाही. गडद तांबूस गुळाला गिऱ्हाईक कमी भाव देतं, हे दुखणं मला मान्य आहे. गिऱ्हाइकाला समजावणं हेच त्यावर औषध.

काही पदार्थांपुढे मर्यादा 'ठरवलेली नाही' असं लिहिलेलं असतं. म्हणजे तपासलेलंच नाही?

उलट आहे. तपासून झालं आणि नेहमीच्या वापरात आकडा घालावा अशी गरज दिसली नाही, असा त्याचा अर्थ. पेक्टिन, गवार गम, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांत येतात.

उंदरांचा जीव घेऊन आपण रंग तपासायचे, हे बरं आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. १९५९ मध्ये दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तत्त्व मांडलं: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राणी कमी वापरा, त्यांचा त्रास कमी करा. निम्मे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढवत नेण्याची जुनी चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचींतून २००२ मध्ये काढून टाकण्यात आली. भारतात नैतिक समितीच्या मंजुरीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. एम्स चाचणी, पेशींवरच्या चाचण्या, रेणूच्या रचनेवरून संगणकाने केलेले अंदाज यांनी बरंच काम हलकं केलंय. तरी तीन महिने रोज खाल्ल्यावर सगळ्या अवयवांचं मिळून काय होतं, हे आज तरी बशीत दिसत नाही. एक मात्र ठाम सांगते: आधीचे अहवाल न शोधता तीच चाचणी पुन्हा करणं ही निर्दयता आहे. जेक्फाचे आणि युरोपीय संस्थेचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. आधी ते वाचा.

मी नवीन झाडाचा अर्क काढलाय. पेयात घालून विकायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी तो पदार्थ अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मान्य यादीत आहे का ते बघा. नैसर्गिक रंगांत हळद-कर्क्युमिन, केशर, शेंद्री, कॅरोटीन, हरितद्रव्य, कॅरॅमल असे ठरावीकच आहेत. यादीत असेल तर तुम्हाला उंदीर-चाचण्यांत पडायची गरजच नाही. कुठल्या पदार्थात किती, एवढंच पाळायचं. यादीत नसेल, तर २०१७ च्या नियमांप्रमाणे 'अनिर्दिष्ट अन्न आणि घटक' म्हणून प्राधिकरणाकडे आधी मंजुरी मागावी लागते. तिथे ओळख, काढण्याची पद्धत, सुरक्षिततेची माहिती, इतर देशांतला वापर हे सगळं द्यावं लागतं. मंजुरी येईपर्यंत विक्री करायची नाही. सांगलीतल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन आधी विचारलं तर बरेच हेलपाटे वाचतात.

विषशास्त्राच्या चाचण्या कराव्याच लागल्या तर त्या उत्तम प्रयोगशाळा पद्धतीचं, म्हणजे जीएलपीचं, प्रमाणपत्र असलेल्या ठिकाणी करा. भारतातल्या अशा प्रयोगशाळांचे निकाल २०११ पासून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्य देशही मान्य करतात, त्यामुळे निर्यातीच्या वेळी तोच खर्च दोनदा होत नाही. लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांचं या विषयात जुनं काम आहे.

आणि अर्क स्वतः न काढता विकत आणणार असाल, तर पुरवठादाराकडून नुसतं 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं पत्रक घेऊ नका. त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव, कुठला भाग, मुख्य घटक किती टक्के, कुठलं सॉल्व्हंट वापरलं आणि किती उरलं, शिसं-आर्सेनिक-कॅडमियम-पारा, कीटकनाशकांचे अंश, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) आणि जिवाणूंची संख्या हे सगळं हवं. लॉट नंबर तुमच्या डब्यावरच्या नंबराशी जुळवून बघा. न जुळणारं प्रमाणपत्र घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना माल परत करायला सांगते.

नमुना तपासायला द्यायचा तर कसा आणायचा?

पोत्याच्या तोंडाचा नको. वरून, मधून, तळातून घेऊन एकत्र करा, साधारण अर्धा किलो. नव्या कोरड्या पिशवीत भरून बंद करा आणि वर लॉट नंबर व तारीख घाला. तेवढाच दुसरा भाग सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. मालात काय घातलंय ते काहीही न लपवता सांगा, कारण काय शोधायचं हे माहीत असलं तर तपासणी कमी खर्चात आणि नेमकी होते. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, आणि ती तुम्हाला हव्या त्याच चाचणीसाठी आहे का, हे नमुना देण्याआधी विचारा.